आईचं घरबसल्या मतदान

बाबा गेल्यापासून आईने अंथरूण धरलं होतं. जन्मभर तिने बाबा सांगतील त्यालाच मत दिलं, आणि बाबा सांगायचे सत्ताधारी पक्षाला. रायपुरात कित्येक वर्षांत दुसऱ्या पक्षाचा खासदार झालाच नव्हता.

यंदा लोकसभेला अतिवृद्धांची मतं घरी येऊन घेत होते. बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी अधिकारी, शिपाई आणि मतदानाचं चित्रण करणारा कॅमेरावाला आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आई उठेल असं मला वाटत नव्हतं. पण पदर सावरत ती आली आणि मतपत्रिका घेऊन आडोशामागे बसली.

बराच वेळ गेला. घाम पुसत अधिकारी म्हणाला, "अम्मा, जल्दी करो, नतीजा तो सबको मालूम है."

"तुले मालूम असंल, भैया. मले अजून ठरवायचं हाये!"

शिपायाला हसू फुटलं. सुतकातल्या घरात मीही दाराला टेकून हसत सुटलो.

शेवटी मतपत्रिकेचा लिफाफा त्यांनी आणलेल्या पेटीत पडला. मी हळूच विचारलं, "आई, कोणाले देलं?"

"काहून सांगू? गुप्त असते, पोट्ट्या," साठी उलटलेल्या मला ती म्हणाली. "आज तुह्या बाबालेही नसतं सांगितलं."

आणि ती अशी खुदखुदू लागली की कॅमेरावाल्याने गडबडून कॅमेराच बंद केला.