झडतीची खोली

दोन राज्यांची सोयरीक जमता जमता मोडली, ती कोणत्या राजाने आधी घोड्यावरून उतरायचं या वादात. त्या घोड्यांची हाडंसुद्धा आता उरली नाहीत, पण नदीवरच्या पुलाला अजून दोन फाटकं आहेत, आणि अलीकडच्या फाटकावर अक्का बायकांची झडती घेई. दोन्हीकडची भाषा एकच, शिव्याही त्याच. राजांची कीव येते का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, कीव करायला समोर माणूस लागतो.

तिची धाकटी बहीण पलीकडे दिलेली. आईने अंथरूण धरलं तशी धाकटी परवाना घेऊन आली. फाटकावरच्या साहेबाला सगळे पाठीमागे 'मिशा' म्हणत, कारण त्यांच्यापलीकडे त्याच्यात काही नव्हतंच. त्याने परवाना उलटसुलट केला. पलीकडच्या राजाचं नाव आपल्या महाराजांच्या वर छापलंय, हा अपमान आहे, म्हणाला. धाकटीने हात जोडले तसा त्याने मिशीला पीळ भरला. झडती घेऊन हिला परत पाठवा, असा हुकूम सुटला.

अक्काने वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतत बसणार? तिने धाकटीला झडतीच्या खोलीत बसवलं. आत एक बाक, एक पडदा आणि भिंतीवर महाराजांची तसबीर. पुरुषाला तिथे मज्जाव. मग मागच्या दाराने ती घरी गेली, आणि नवऱ्याच्या मदतीने आईला हातगाडीवर घालून घेऊन आली.

आईने लेकीचे दंड चाचपले. "वाळलीस गं. खायला घालतात की नाही?" मग तिने जावयाचा असा उद्धार केला की दोघी बहिणी तोंडात पदर कोंबून हसल्या. म्हातारीला खोकल्याची उबळ आली.

"आत खोकतंय कोण?" मिशाने बाहेरून विचारलं.

"तीच," अक्का पडद्याआडून म्हणाली. "तुम्हाला घाबरलीय, साहेब. बाई पक्की आहे, कसून बघावं लागेल."

साहेब खूश झाला. उन्हं उतरेपर्यंत कुणी दार वाजवलं नाही.

आई आठवड्याच्या आतच गेली. परत गेलेल्या धाकटीला तेव्हाही अलीकडे येऊ दिलं नाही. मिशाला मात्र त्या कडक झडतीबद्दल वरून शाबासकी आली आणि बढती मिळून तो राजधानीत गेला. जाताना त्याने निष्ठेवर लांबलचक भाषण ठोकलं. अक्का पहिल्याच रांगेत बसून उघडपणे जांभया देत होती.