दुसऱ्या घरातली डिस्क

“दोन हायत का?”

दुकानात पाय ठेवला की ताई हे विचारत. नमस्कार त्यानंतर. डिस्क एकच आहे म्हटलं, की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून अशा बघत, जणू आपण पोराला बाजारात विसरून आलोय.

रेवदंड्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. ताई त्यांच्याच हाताखाली शिकल्या आणि पुढे संगणकाकडे वळल्या. तुमच्याही गावात असं कुणी असेल, पण इतकं हट्टी नसेल.

मी निवृत्त मास्तर. लग्नात धवले गाणाऱ्या चौलकडच्या म्हाताऱ्या धवलारणींचे आवाज मी वर्षानुवर्षं रेकॉर्ड करत आलो. त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. पुढे संगणक इतका रखडायला लागला, की तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. ताईंना म्हटलं, सगळं एका मोठ्या, वेगवान एसएसडी डिस्कवर टाका. त्यांनी आधी कॅबिनेटवरचं प्लास्टिक ओढून काढलं. खाऱ्या हवेपासून जपायला मी ते चालू संगणकावरही घालून ठेवत असे.

“माणसाला गोणीत घालून पळायला लावाल काय, सर? तापतो तो.”

मग त्यांनी त्यांच्या मनासारखंच केलं. विंडोजसाठी छोटी एसएसडी, आणि धवले जुन्या हार्ड डिस्कवरच. संगणक पळायला लागला. मी खूश, तर ताई आणखी दोन डिस्क घेऊन उभ्या.

“ही धवल्यांची नक्कल, माझ्या घरी ऱ्हाईल. ही माझी, तुमच्या घरी. एका घरातल्या दोन म्हंजे एकच. इरजण कसं, शेजारी पन असावं. तांदळाच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावून.”

“ठेवतो,” म्हणालो. ठेवली नाही. संगणकाच्या टेबलावरच पडून राहिली.

पुढे एका वादळात आमची अर्धी कौलं उडाली आणि रात्रभर पाऊस थेट त्या टेबलावर पडला. संगणक संपला. ताईंकडची नक्कलही भिजली असणार, म्हाताऱ्यांचे आवाज गेले असं धरून मी पायरीवर बसून होतो. चौथ्या दिवशी आडवे झालेले माड ओलांडत ताई चालत आल्या. डोक्यावर तांदळाचा डबा. त्यातून माझी डिस्क काढून त्यांनी ती आपल्या लॅपटॉपला लावली. धवला वाजला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

“आता माझी द्या. दुकानाचा पत्रा गेला. तिथली भिजली.”

मी टेबलाकडे बोट दाखवलं. 

त्यांनी डिस्क उचलली, पदराने पुसली.

“काय होतं त्यात?” मी कसंबसं विचारलं.

“बाबा व्हता. इंजिन खोलताना. तेवढाच एक व्हिडिओ व्हता.”

महिनाभर त्या डिस्कशी झटल्या. नाही उघडली. माझ्यासारख्या माणसाला मी तरी पुन्हा दारात उभं केलं नसतं. ताईंनी शेडवर नवा पत्रा घातला, दुकान उघडलं आणि एक दिवस नवी डिस्क घेऊन माझ्याकडे आल्या.

“धरा.”

“पुन्हा माझ्याकडेच?”

“आता तुमीच नीट ठेवाल.”

“ह्यात काय आहे?”

“मी हाय. संगणक खोलताना.”

गेल्या वर्षी ताई गेल्या. दुखणं जुनं होतं, पण कुणाला कळू दिलं नव्हतं. शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि दुकानातला संगणक कुणी नेला ते कुणालाच ठाऊक नाही.

तो संगणक गेला, म्हणजे माझ्याकडची एकच डिस्क उरली, हे कळलं त्याच दिवशी मी डबा उघडला. तांदळात हात घालून डिस्क काढली, आतला व्हिडिओ न बघता दुसऱ्या डिस्कवर तिची नक्कल केली आणि किहीमला बहिणीकडे घेऊन गेलो. बहीण हसत होती, तरी तिच्या तांदळाच्या डब्यात मी स्वतःच्या हाताने ती पुरली. झाकण दोनदा दाबून पाहिलं.

“दोन हायत, ताई,” मी मोठ्याने म्हणालो.