दीपाचं चौथं प्रकरण

दीपा आमच्या तिसगावची, आमच्याच वस्तीतली. तिचे वडील उत्तमराव दूध शीतकरण केंद्रात माझ्याबरोबर कामाला होते. ते कॅन धुवायचे, मी यंत्रं सांभाळायचो. ते गेल्यावर तिची आई भामाबाई हिनं पुन्हा कोयता हातात घेतला आणि सहा-सात हंगाम ऊस तोडून पोरीला शिकवलं. दीपाबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. ते कुणीतरी आपण असू असं कधी वाटलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर होतो, म्हणून जमेल तसं लिहितो.

अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा. दीपा नगरच्या एका कॉलेजात तासावर शिकवत होती. सकाळी पहिल्या एसटीनं जायची, दुपार कलल्यावर यायची. आल्यावर पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, भामाबाईचे गुडघे शेकायचे आणि मग लॅपटॉप उघडून बसायचं. हा लॅपटॉप पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेला, तिच्या सरांच्या ओळखीनं मिळालेला. त्यावर ती पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होती. विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायका.

आमच्या भागातल्या बायका दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि वैशाखात परततात. पुढं पावसाळाभर त्या घरी असतात. दोन पावसाळे दीपा टेपरेकॉर्डर घेऊन वाडीवाडीवर फिरली. चाळीसेक बायका तिच्याशी बोलल्या. ते बोलणं ती घरी ऐकायची आणि शब्द न् शब्द लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. भामाबाई वैतागायची.

"दिवसा मास्तरीन, घरी आली की टायपिस्ट. मानूस कवा व्हनार तू?"

"तुझंही बोलणं आहे यात, आई."

"माझं कशाला? मी रोज बोलतीच की. तुला ऐकू येत न्हाई."

एक चूक मात्र तिच्याकडून झाली होती, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याही हातून झाली असती. आमच्या घरांत कुठलीच वस्तू एकदा वापरून टाकत नाहीत. डबा रिकामा झाला की धुवायचा आणि पुन्हा भरायचा. दीपानं कॅसेटचं तेच केलं. एका बाईचं बोलणं टाइप करून झालं की त्याच कॅसेटवर दुसरीचं घ्यायचं. फ्लॉपीचंही तसंच, जुनं पुसायचं आणि वर नवं भरायचं. तेव्हा ते शहाणपणाचंच वाटत होतं. त्यामुळं झालं असं, की बायकांचं सगळं बोलणं, आणि प्रबंधसुद्धा, फक्त लॅपटॉपमध्ये उरलं.

एप्रिलच्या सुरुवातीला तो लॅपटॉप टकटक करायला लागला. उघडला की थोडा वेळ नीट चालायचा, मग आतून कुणी नखानं पत्रा वाजवल्यासारखा आवाज यायचा आणि पडदा गोठायचा. प्रबंध एप्रिलअखेर विद्यापीठात द्यायचा होता. दिल्याची पावती जोडली तरच तिला कॉलेजातल्या कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता.

पाथर्डीत गोरक्षनाथ नावाच्या माणसाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं नुकतंच कॉम्प्युटरचंही काम धरलं होतं. रविवारी तो घरी आला. त्यानं लॅपटॉपला कान लावला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

"मॅडम, मी मूळचा टीव्हीचा माणूस. खोटं सांगत नाही, यातलं मला थोडंच कळतं. पण ही हार्ड डिस्क फार दिवस टिकायची नाही."

"आतलं गेलं का सगळं?"

"गेलं नाही. गार असली की वाचते, तापली की बंद पडते. मुंबईला पाठवता येईल, पण महिना जाईल. पुण्याला माझा एक दोस्त आहे, त्यानं अशीच एक डिस्क फ्रिजमध्ये ठेवून चालवली. पण बाहेर काढली की पुन्हा तापते."

"मग फ्रिजमधीच बसून काढा की," भामाबाई म्हणाली.

सगळे हसले. मग दीपा हसायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. वस्तीत फ्रिज कुणाकडं नव्हता, पण केंद्रात लोणी ठेवायची थंड खोली होती. आणि केंद्राला जनरेटर होता, म्हणजे वीज गेली तरी काम थांबणार नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना विचारलं. सकाळचं दूध टँकरमध्ये गेल्यावर संध्याकाळचं यायच्या आत काय ते करा, म्हणाले. दीपानं कॉलेजचे तास बुडवले.

बाहेर डांबर वितळत होतं आणि आम्ही तिघं आत कुडकुडत बसलो होतो. दीपानं गोधडी पांघरली होती. गोरक्षनाथला मी माझी कानटोपी दिली होती. ओल धरू नये म्हणून त्यानं लॅपटॉपला दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलं आणि पालथ्या क्रेटवर ठेवला. कॅन धुणारा श्रीमंत नावाचा गडी दारातून डोकावला.

"काय वो, कॉम्प्युटरचं लोनी काढताय व्हय?"

"दार लाव आधी," मी म्हणालो.

"लावतो. पन ताक निघालं तर मला ठिवा."

गोरक्षनाथ फ्लॉप्यांचा डबा उघडता उघडता म्हणाला, "मॅडम, आधी काय काढायचं ते नक्की करा. ही किती वेळ साथ देईल सांगता येत नाही."

"ओळीनं घेऊ," दीपा म्हणाली. "आधी प्रकरणं, एक ते पाच. मग मुलाखती."

शिकवणाऱ्याची सवय. धडा सोडून पुढं जायचं नाही. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं.

पहिल्या दुपारी तीन प्रकरणं निघाली. एक प्रकरण एका फ्लॉपीवर, मधे डिस्क बंद करून गार होऊ द्यायची, मग पुढचं. प्रत्येक फ्लॉपी निघाली की दीपा ती पदरात घ्यायची. तिची बोटं लाल झाली होती. बाहेर आलो की ऊन अंगावर भिंत पडावी तसं यायचं आणि आम्ही तिघंही शिंकायचो.

दुसऱ्या दुपारी चौथं प्रकरण घेतलं. ते वाचलं जाईना. थोडं पुढं जायचं, टकटक व्हायची आणि पडद्यावर तोच प्रश्न यायचा, पुन्हा प्रयत्न करायचा का. दीपा होय म्हणायची. पुन्हा टकटक. डिस्क गार करायची, पुन्हा होय.

"मॅडम, हे राहू द्या," गोरक्षनाथ म्हणाला. "पुढचं घेऊ."

"अजून एकदा."

"डिस्कवर ताण येतोय."

"अहो, अख्खा हिवाळा गेलाय माझा यात. पहाटे चारला उठून लिहिलंय. अजून एकदाच."

ते एकदाच तिसऱ्या दुपारपर्यंत चाललं. मी कॉम्प्रेसर बघायच्या निमित्तानं बाहेर जात होतो आणि परत येत होतो. दर वेळी ती तशीच बसलेली, बोट त्याच बटणावर. थकलेल्या माणसाला थांब म्हणता येत नाही. थांबलं तर आपण पुन्हा उठू का, ही त्याला भीती असते.

शेवटी तिनंच ते सोडलं. पाचवं प्रकरण एका दमात निघालं. मग मुलाखतींचा कप्पा उघडला. पहिली आली, दुसरी आली. तिसरी, चौथीही आली. पाचवीला आवाज बदलला. टकटक नव्हती, जात्यात खडा आल्यासारखी खरखर होती. मग तीही थांबली. गोरक्षनाथनं लॅपटॉप उचलून कानाला लावला, बोटानं हळूच ठोकून पाहिला, खाली ठेवला आणि कानटोपी काढली.

"झालं, मॅडम. आता फिरतच नाही."

दीपा रडली नाही. तिनं गोधडीची घडी घातली, फ्लॉप्या पिशवीत ठेवल्या आणि म्हणाली, "काका, बाहेर जाऊ या का? पाय बधिर झालेत."

चहा पिताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "चौथं प्रकरण माझ्या डोक्यात होतं, काका. ते मीच लिहिलेलं. मला पुन्हा लिहिता आलं असतं."

मी तिच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

तिनं ते पुन्हा लिहिलंही. आठवड्याभरात हातानं लिहून काढलं, गोरक्षनाथच्या दुकानात बसून टाइप केलं. पहिल्यापेक्षा बरं उतरलं असं तिचे सर म्हणाले. प्रबंध वेळेत गेला. पावती मिळाली, अर्ज गेला, जूनमध्ये कायमची जागाही मिळाली. वस्तीत पेढे वाटले. दीपा सगळ्यांना जयभीम करत फिरत होती, पण तोंडावर काही नव्हतं.

"पेढा खाताना तरी त्वांड गोड कर," भामाबाई म्हणाली. "का त्याला बी इद्यापीठाची परवानगी लागती?"

पेढ्यांनंतर चार दिवसांनी दीपा माझ्याकडं आली. मढीच्या पलीकडच्या वाडीला एसटी जात नाही, तुमच्या एम-एटी गाडीवर न्याल का, असं विचारलं. तिच्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेटचा नवा कोरा खोका.

त्या वाडीवर रंगुबाई राहत होती. दीपाशी सगळ्यांत जास्त तीच बोलली होती. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून पेरणीसाठी बाजरी पाखडत होती. मी लिंबाखालच्या बाजेवर बसलो. दीपा ओट्याखाली, तिच्या पायाशी बसली.

"आली का मास्तरीन," रंगुबाई म्हणाली. "माझं छापलं का?"

दीपानं सरळ सांगून टाकलं. "मावशी, ते गेलं. मशीन बिघडलं. आधी माझं काढत बसले आणि तुमचं राहून गेलं."

रंगुबाईचं सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच ती म्हणाली, "मंजी मी त्या दिशी उगीच रडले व्हय?"

दीपा खाली मान घालून बसली. मग तिनं विचारलं, "पुन्हा सांगाल का?"

"न्हाई गं बाई. एकदा सांगितलं, मोकळी झाले. आता पुन्हा त्यात शिरायचं बळ न्हाई माझ्यात. भाकर खा आन जा."

दीपानं टेपरेकॉर्डर पिशवीत परत ठेवला. मला वाटलं आता उठेल. मी गाडीची किल्ली हातात घेतली. पण ती उठली नाही. सुपाकडं बघत ती स्वतःच बोलायला लागली, हळू आवाजात, रंगुबाईच्या बोलीत. ते सगळं तिनं ऐकून ऐकून टाइप केलेलं होतं.

"कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला. ट्रकमधी बसून आमी गावाला आलो. पोरगी दीड वर्साची ठिवून गेल्ते, ती आता चांगली पळत हुती. मला बगितलं आन आजीमागं लपली."

"आजीमागं न्हाई," रंगुबाई म्हणाली. "आजी रानात गेल्ती. कनगीमागं लपली."

कणगी म्हणजे धान्य साठवायची मोठी टोपली. ती तिथंच दारातून दिसत होती.

"बरं, कनगीमागं. मी हाक मारली तशी रडाय लागली."

"रडली न्हाई. रडली असती तर मी उचलली असती. नुसती बगत हुती." रंगुबाईनं सूप बाजूला ठेवलं. "तू लिव्ह की. नुसती त्वांडाकडं काय बघती? पुन्हा मशीनला खायला घालशील."

दीपानं घाईनं पिशवीतून कागद काढला. पेन्सिल सापडेना तेव्हा मी माझं पेन नेऊन दिलं.

"पदराला लेमनची गोळी बांधून आनली हुती," रंगुबाई सांगत होती. "हातावर धरली, घेईना. जवळच येईना. मग गोळी भुईवर ठिवली आन मी मागं सरकले, पार उंबऱ्यापत्तुर. तवा आली, उचलली आन परत कनगीमागं गेली. मला वाटलं, लोक कुत्र्याला टाकत्यात तशी मी माझ्या लेकीला गोळी टाकली."

"हे त्या वेळी नव्हतं सांगितलं, मावशी."

"तवा तू नवीन हुतीस. आन सासू बसली हुती बाजूला."

पुढं ती दीपाच्या आणखी चुका काढत राहिली. कुठल्या फडावर, कुठल्या साली, कोण बरोबर होतं. काही ठिकाणी मात्र दीपालाच आठवत नव्हतं, आणि तिथं दोघी नुसत्या बसून राहत. उन्हं उतरली तशी रंगुबाई उठली. "आता बास. माझं डोस्कं दुखाय लागलं," म्हणाली आणि आत जाऊन चुलीला लागली.

परतताना दीपा मागं बसली होती. तिचं डोकं मधेच माझ्या पाठीला टेकायचं आणि ती दचकून सरळ व्हायची.

"सगळ्याजणी अशा चुका नाही काढणार, काका."

"न्हाई."

"आणि मला सगळ्यांचं आठवतही नाही. निम्म्याअधिक तर फक्त नावंच आठवतात."

"ज्यांचं आठवतं त्यांचं सांग," मी म्हणालो.

ती सांगायला लागली. आक्काबाई, मग बनुबाई, मग नाव आठवेना अशी एक, जिच्या हाताला दोनच बोटं होती. एकेकीचं एखादं वाक्य, कधी नुसता अर्धा शब्द. गाडीच्या आवाजात मला काही नीट ऐकू येत नव्हतं. मी गाडी हळू केली आणि मग रस्त्याच्या कडेला घेऊन बंदच केली.