जवात घातलेलं विसण

आमच्या घरात बिअर करायचा तो माझा नवरा. डिलाईल रोडच्या चाळीतली खोली ती केवढी, त्यात ओट्याखाली जवाची पोती आणि मोरीत नळ्या. मी किती करवादले असेन! "भट्टी लावलीय मेल्यांनी," म्हणायचे. पण रिटायर झालेल्या माणसाच्या हाताला काही तरी हवं, आणि खरं सांगायचं तर बिअर झकास व्हायची. अर्धा ग्लास मीही घ्यायचे.

मग त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. जेवण, कपडे, आंघोळ सगळं माझ्यावर आलं. मोरीत स्टुलावर बसवायचं, बादलीतल्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायचं, हात बुडवून बघायचं आणि अंगावर तांब्या ओतायचा. ते भिंतीकडे बघत बसायचे. तीन महिन्यांनी एकदा बोलले, "ती बिअरची भांडी विकून टाक."

असा संताप आला मला! आज भांडी गेली की उद्या हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, "विकणार नाही. मी करते बिअर. तुम्ही बसा आणि सांगा."

पहिली अडचण उचलण्याची. मोड आणून वाळवलेला जव भरडून, ऊब टिकावी म्हणून आइसबॉक्समध्ये तासभर गरम पाण्यात ठेवायचा असतो, तेव्हा त्याचा गोडवा पाण्यात उतरतो. पाण्याचं तापलेलं पातेलं ते दोन्ही हातांनी उचलून बॉक्समध्ये उपडं करायचे. माझ्याच्याने ते हलेना. मग वेल्डिंगवाल्याकडून पातेल्याला खाली तोटी बसवून घेतली. पातेलं ओट्यावर शेगडीवर, बॉक्स खाली पाटावर, मध्ये नळी. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा ड्रम भरून ठेवला होता, त्यातलं तांब्यातांब्याने वर पातेल्यात चढवलं. खांदा भरून आला, पण माघार घेईन तर शपथ.

पाणी तापल्यावर तोटी उघडली तर खाली येईना. नळीला मध्येच उंचवटा राहिला होता. खाटेवरून डाव्या हाताचं बोट हललं, "खाली, खाली." नळी खाली दाबली आणि पाणी धावलं.

बॉक्समधला जव ढवळला. थर्मामीटरचा काटा सदुसष्टवर होता, हवा होता सहासष्टवर. तोंडावर वाफेचा झोत आला आणि माझा हात आपोआप ड्रमकडे गेला. तीन महिने रोज तेच करत होते ना! दोन तांबे गार पाणी ओतून मी मोकळी झाले.

"ह्या काय केलंस गो! विसण कित्याक घातलंस? जवाक आंघोळ घालतंस?"

गॅलरीत सगळ्यांना ऐकू गेलं असणार. अटॅकनंतर एवढं लांब बोलणं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. मला हसू फुटलं आणि रडूही.

"हसतंस काय? एकसष्ट झाला! असा ठेवलंस तर गोडवा येवचो नाय. टोपात पाणी उकळव, लवकर!"

उकळतं पाणी मी थोडं थोडं घालत होते आणि ते खाटेच्या कडेला येऊन काट्याकडे डोळे लावून बसले होते. "घाल. घाल. आता पुरे." सहासष्ट. तासाभराने मी वाटीत थोडा रस काढून दिला. बोट बुडवून चाखला आणि म्हणाले, "गोड आसा." मी तिथेच फरशीवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना मोरीत बसवलं, बादलीत कढत पाणी ओतलं आणि विसणाचा तांब्या उचलला. तर त्यांनी डावा हात पुढे करून तांब्या मागितला. "हाड हयसर. तुका विसणातला काय कळता?"

पहिला तांब्या अर्धा माझ्या पायांवर सांडला. दुसरा बादलीत पडला. हात बुडवून बघितला, मग तिसरा घातला.

"आता जा भायर," म्हणाले.

मी बाहेर आले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोरीचा पडदा ओढला.