विहिरीसाठी येणारा माणूस

भिगवणजवळच्या आमच्या शेतातली विहिरीची जागा नव्या रेल्वेलाइनच्या कामाला हवी होती. बोलणी करायला ठेकेदाराचा एक माणूस यायचा. चपला लांब काढून विहिरीत वाकून बघायचा आणि मगच ओट्यावर टेकायचा. वाक्य अर्धवट सोडून हसायचा. आईला तो आवडायचा. मला मात्र धास्ती वाटायची, कारण त्याला नाही म्हणणं दिवसेंदिवस जड जात होतं.

सहीच्या दिवशी त्याचे साहेबही आले. आईनं विचारलं, "जागा तुमाला दिली, पर उसाला पानी आमीच घ्यायचं न्हवं?"

"घ्या ना, कोण अडवतंय?" साहेब म्हणाले.

आईनं पेन उचललं. तेवढ्यात तो खाली मान घालून, पण स्पष्ट म्हणाला, "मावशी, तसं कागदात न्हाय. जागेसंगं पानी बी जातंय."

आईनं पेन खाली ठेवलं. साहेब त्याला न घेताच गाडीत बसून निघून गेले. तो हायवेकडं चालत गेला.

पुढच्या आठवड्यात दुसराच माणूस आला. आईनं काळजीनं विचारलं, "आदी यायचे, त्ये कुठं हायती?"

"नाव काय त्यांचं?"

आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.