पंचांसमक्ष

वडगाव रासाईच्या म्हस्कूमामाचा फोटो आयुष्यात एकदाच पेपरात आला आणि तो आला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं.

माणूस साधा. धनगराचा. भावांनी मेंढरं विकून ऊस धरला, यानं ऊसही केला आणि थोडी मेंढरंही राखली. "ह्यांचा जीव माझ्यात कमी आन् मेंढरांत जास्त," असं त्याची बायको गिताबाई चारचौघांत सांगायची, आणि म्हस्कूमामा नुसता हसायचा. उन्हाळ्यात नदी उतरली की तो मेंढरं घेऊन भीमेपलीकडे, केडगावच्या अंगाला जाई. एका वर्षी पाऊस उशिरा आला म्हणून तिकडेच राहिला, आणि जेवायला घरी आला तेवढ्यात कुणीतरी टेम्पो लावून निम्मी मेंढरं उचलून नेली.

तक्रार द्यायला तो त्या बाजूच्या ठाण्यात गेला. ठाण्याचं नाव मी सांगत नाही, त्यातली माणसं अजून रस्त्यात भेटतात. साल २००५. सरकारनं डान्सबारवर नुकतीच बंदी घातली होती आणि ठाण्याच्या मोठ्या साहेबांना बारशिवाय काही दिसत नव्हतं. नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी चोरीला जात होत्या, बाजारात बायकांची गंठणं ओढली जात होती. पण त्या चोऱ्यांचा फोटो वरच्या साहेबांना कुठे पाठवणार? म्हस्कूमामाकडून एक अर्ज लिहून घेतला आणि "बघू" म्हणाले. तो रोज यायचा, बाकड्यावर बसायचा, संध्याकाळी उठून जायचा.

असाच बसलेला असताना मच्छिंद्र हवालदार बाहेर आला. वाईट माणूस नव्हता, ठाण्यात म्हस्कूमामाला चहा विचारणारा तोच एक. म्हणाला, "मामा, चला जीपमधी. पंच कमी हाय."

पंच म्हणजे पोलिसांनी जे पाहिलं ते आम्हीही पाहिलं, अशी सही देणारा तिऱ्हाईत माणूस. एक पंच तयार होताच, समोरचा रसवंतीवाला तात्याबा. तो इतका कायमचा पंच होता की कुठं जायचंय हेसुद्धा विचारत नसे.

"आन् माझी मेंढरं?" म्हस्कूमामानं विचारलं.

"आधी साहेबाचं काम होऊ द्या. साहेब खूश झाला तर मेंढरांच्या मागं मीच जातो."

म्हस्कूमामा घोंगडी खांद्यावर टाकून जीपमध्ये चढला. मोठे साहेब पुढे बसलेच होते.

सोलापूर रस्त्यावरचा तो बार बंदीनंतर ओस पडला होता. पुढचा हॉल अंधारा, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. मालकानं पोरींना मागच्या खोल्यांत राहू दिलं होतं, कारण जायचं कुठं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. दिवस मावळला होता. पोलीस मागे घुसले तेव्हा सातआठ पोरी जमिनीवर गोल करून जेवत होत्या. भाकरी आणि मेथीची भाजी. अंगात साधे घरातले गाऊन. एकीनं दारातल्या म्हस्कूमामाकडे बघितलं, तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पाण्याचा तांब्या उचलून पुढे केला. "घ्या आबा." तो खरंच तहानलेला होता. तो प्यायला.

मग मच्छिंद्रनं टेबलावरची खुर्ची उतरवून पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात होतं की सदर महिला तोकड्या कपड्यांत गिऱ्हाइकांसमोर अश्लील हावभाव करीत नाचताना पंचांसमक्ष मिळून आल्या. गिऱ्हाईक म्हणून मालकाचे दोन स्वयंपाकी आणि एक ट्रकवाला उभे केले होते.

पाणी देणारी पोरगी, बारमधलं नाव नीलम, सरळ म्हस्कूमामाकडे आली. "आबा, तुमी दारातच हुता की. आमी जेवत हुतो का न्हाई? सांगा की यांना."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. म्हस्कूमामानं मेंढरं आठवली, मोठ्या साहेबाचं तोंड बघितलं, आणि मग आपल्या वहाणांकडे बघत राहिला. तात्याबाची सही आधीच झाली होती. म्हस्कूमामानं तिच्याखाली आपली केली.

बाहेर फोटोवाला होता. पोरींनी ओढण्या तोंडावर घेतल्या, स्वयंपाक्यांनी रुमाल बांधले, ट्रकवाल्यानं शर्टच डोक्यावरून ओढला. म्हस्कूमामानं काहीच झाकलं नाही. आपण कुठं काय केलंय, असं त्या बावळटाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'डान्सबारवर छापा', आणि झाकलेल्या तोंडांच्या मधोमध लाल मुंडाशातलं एकच उघडं तोंड. गावाला आयतं खाद्य मिळालं. पारावर विचारायचे, "मामा, कुठलं गाणं लावलं हुतं?" दूध घालायला गेला की मागून कुणीतरी छुमछुम करायचं. गिताबाईनं डेअरीवर जाणंच सोडलं. घरात तिनं एवढंच म्हटलं, "समद्यांनी तोंड झाकलं. तुम्हाला तेवढंबी सुचलं न्हाई?"

तेव्हा म्हस्कूमामानं तिला सगळं सांगितलं. जीप, पंच, मेथीची भाजी, सगळं. गिताबाईचा चेहरा सैल झाला. नवरा बारमध्ये गेला नव्हता, गाव गेलं खड्ड्यात! पण पीठ मळता मळता तिचा हात थांबला.

"म्हंजी त्या पोरी खरंच जेवत हुत्या?"

"व्हय."

"तिच्या हातचं पानी पिऊन तुमी सही केली?"

गिताबाईनं पुन्हा पीठ मळायला घेतलं आणि त्यावर कधी बोलली नाही. गावच्या चेष्टेनं म्हस्कूमामा लाजला नव्हता एवढा त्या दिवशी लाजला. मेंढरं मिळाली नाहीत, हे सांगायला नकोच. मच्छिंद्रची बदली झाली आणि अर्ज कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही.

काही वर्षांनी समन्स आलं. पंचाची साक्ष. कोर्टाच्या आवारात नव्या हवालदारानं बजावलं, "कागदात हाय तेवढंच बोला, मामा." आरोपींच्या बाकावर स्वयंपाकी होते, आणि पोरींपैकी एकटी नीलम आली होती. वाळली होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, "या महिला काय करताना तुम्हाला दिसल्या?"

"जेवत हुत्या, साहेब. मेथीची भाजी हुती."

कोर्टात हशा पिकला. वकील चिडले. "मग सही का केलीत?"

"माझी मेंढरं गेली हुती," म्हस्कूमामा म्हणाला. सगळे पुन्हा हसले. वकिलांनी न्यायाधीशांना काहीतरी विनंती केली, ते टाईप झालं, आणि त्याला बाहेर जायला सांगितलं.

"काय लिवलं माझ्या नावावर?" त्यानं दारातल्या पट्टेवाल्याला विचारलं.

"फितूर. सरकारचा साक्षीदार उलटला की फितूर म्हणतात."

म्हस्कूमामाला तो शब्द पोवाड्यांतून ठाऊक होता. लाच खाऊन किल्ल्याचं दार उघडणारा तो फितूर. तो पायरीवर बसला. नीलम शेजारून जाताना थांबली. त्याला वाटलं, दोन शब्द बरे बोलेल.

"आबा, तोंड आमी झाकलं हुतं," ती म्हणाली. "पर पेपरात माझं घरचं नाव छापलं, गावासकट. आईनं दार लावलं ते लावलंच. आता सुटंन मी. पर तुमी तवा बोलायचं हुतं."

तिच्या आवाजात रागही नव्हता. ती गेट ओलांडून स्टँडकडे गेली.

घरी गिताबाई अंगणात वाट बघत होती. "बोललात का खरं?"

"बोललो."

"मग काय म्हनलं कोर्ट?"

"फितूर म्हनलं."

"ह्ये बरंय! खरं बोलला म्हनून फितूर?" ती भडकलीच.

म्हस्कूमामानं मुंडासं उतरवून मांडीवर घेतलं. "कोर्ट बरोबर हाय. फकस्त दिवस चुकला. मी त्याच सांजंला फितूर झालो हुतो, पानी पिऊन."