मोटारीला एरंडेल पाजणारे सारोटमामा

मोटार सुरू करायच्या आधी सारोटमामा तिच्या बॉनेटवर हलकेच थोपटायचे. मग जरा थांबायचे, जणू आतून काही उत्तर यायचं आहे. आणि मगच हँडल फिरवायचे. म्हैसुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्या चालवणारे लोक ताठ बसत, कडक टोपी घालत. आमचे मामा मात्र चाकावर किंचित वाकून, लगाम धरल्यासारखे बसायचे आणि चढ संपला की म्हणायचे, "साकु गं बाई, बास झालं. घे दम."

आमचे पूर्वज घोडदळाबरोबर इकडे आले आणि संस्थानात बारगीर म्हणून राहिले. घोड्यापलीकडची विद्या घराला ठाऊक नव्हती. त्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे सांगताना मला लाज वाटत नाही, कारण माझ्याहून जास्त मामाच ते सांगत फिरायचे. कॉलेजात नाव घातलं त्या दिवसापासून ते मला 'बी.ए.' अशीच हाक मारत. अजून व्हायचाय, असं म्हटलं तर म्हणत, "शिंगरू आहे म्हणून त्याला कुणी मांजर म्हणतं का रे?"

एका निवृत्त अमलदारांचा सारोट, म्हणजे चार चाकांची घोडागाडी, मामांनी उमेदीची सारी वर्षं हाकली. म्हणून ते सारोटमामा. अमलदारांनी मोटार घेतली तेव्हा मामांना ती शिकायला बंगळूरला पाठवलं, जोडीतला एक घोडा विकला आणि मल्ली नावाची पांढरी घोडी तेवढी ठेवली. मोटारीचा भरवसा वाटेपर्यंत, असं ठरलं होतं. मामा सकाळी मोटार पुसत, हात धूत आणि मग मल्लीला खरारा करत. आधी हात धुवायचेच. तेलाचा वास तिला खपत नसे.

पुढे मोटार धूर ओकू लागली, धापा टाकू लागली. धापा टाकणाऱ्या जनावरावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज होता: एरंडेल. कोठा साफ झाला की जनावर मोकळं. मामांनी कुणाला न विचारता इंजिनाच्या तेलात बाटलीभर एरंडेल ओतलं. थोडे दिवस मोटार बरी चालली, मामा खुशीत होते. आत मात्र दोन्ही तेलांचं पटेना. एके सकाळी चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी ती थांबली ती थांबलीच. बैल लावून घरी आणावी लागली. हँडलही फिरेना.

अमलदारांचे मेहुणे पायरीवर उभे होते. ते हसत म्हणाले, "शाबास सारोट. मोटार मेली की घोडी राहते, होय ना?"

मामा सरळ अमलदारांपुढे जाऊन उभे राहिले. "एरंडेल मीच घातलं, स्वामी. भल्यासाठी घातलं. बाकीचं खोटं आहे."

अमलदारांनी निकाल दिला. खंडेनवमीला मोटार चालू झाली तर मल्ली जवळच्या हिनकल गावच्या एका शेतकऱ्याकडे जाईल. नाही झाली तर मोटार विकायची आणि पुन्हा सारोट जोडायचा. म्हणजे मामांनी नुसते हात बांधून बसायचं, की मल्ली राहिली. पण मग मेहुण्यांचं बोलणंही खरं ठरलं असतं.

मामांनी दुसऱ्याच दिवशी इंजिन उघडलं. मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचून अर्थ सांगायचा आणि त्यांनी करायचं, असं चाललं. तळाचं झाकण काढलं तर आत काळा, चिकट गाळ. बोट घातलं की डिंकासारखी तार निघे. पिस्टनांवर काजळीच्या खपल्या बसल्या होत्या. लोखंड लावलं तर ओरखडे पडतील म्हणून मामांनी बांबूच्या चिपा तासून घेतल्या आणि घासलेटात भिजवून एकेक खपली सोडवली. मामी जेवणाचा डबा घेऊन आली ती पदरात चुलीची राख बांधूनच. भांड्यांची काजळी राखेनंच निघते, असं तिचं म्हणणं. "अय्यो, राख नको गं," मामा म्हणाले, "खडा जाईल पोटात." मामी रुसली, पण बसली आणि चिंध्या फाडून देत राहिली.

शेवटी तेल जायचं एक बारीक भोक राहिलं. आतून गच्च बुजलेलं. मी म्हणालो, "राहू द्या मामा. एवढ्यावर पूजेपुरती चालेल. पुढे बंद पडली तर मल्ली परत येईल, आणि तुम्हाला कोण काय म्हणणार?"

मामा म्हणाले, "हिच्या पोटात घाण ठेवून मल्लीला चारा घालू होय? माझ्याच्यानं नाही व्हायचं, बी.ए."

ते तबेल्यात गेले आणि मल्लीच्या शेपटीचे केस घेऊन आले. त्यांना पीळ घातला, घासलेटात बुडवून भोकात सरकवला आणि आतबाहेर करत राहिले. पलीकडून काळा थेंब पडला, मग तपकिरी, मग स्वच्छ. मामांनी तो पीळ धुवून खिशात ठेवला.

खंडेनवमीला अंगणात मोटार आणि मल्ली शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोघींच्या गळ्यात झेंडूच्या माळा. हँडल फिरवताच मोटार सुरू झाली. धूर नाही, धाप नाही. मेहुणे आत निघून गेले. मामांनी मोटारीचा आवाज कान देऊन ऐकला आणि मल्लीच्या मानेत तोंड लपवलं.

दसरा झाल्यावर ते तिला चालवत हिनकलला घेऊन गेले. परतही चालतच आले.

नंतर मी शिमोग्याला मास्तर झालो. सुट्टीत आलो की अमलदार मला मोटारीतून फिरायला नेत. हुणसूर रस्त्यानं जाताना हिनकल आलं की मोटार हळू व्हायची. मामा डावीकडच्या शेताकडे बघायचे. अमलदार तेवढ्यात वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरायचे. मल्ली मेल्यावरही हे असंच चालत राहिलं.

मामा वारले त्या वर्षी नवा ड्रायव्हर आला. तरणाबांड, हुशार. मी मागे अमलदारांशेजारी बसलो होतो. हिनकलवरून तो सुसाट निघाला, तेव्हा अमलदारांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इथं सावकाश," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.